एल. एच. म्हणजे

"दोरी उलटी लावलीय, दादा," मी म्हणालो.

धैर्यशील जगदाळ्यांनी आधी काचेच्या कपाटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. चूक कपाटात नसून माझ्यात असणार, अशी त्यांची पहिल्यापासूनची समजूत होती.

"उलटी म्हंजे?"

"म्हणजे धनुष्य ज्या बाजूला वाकतं त्याच्या बरोब्बर उलट बाजूला वाकवून बांधलंय. शर्टाची बटणं पाठीमागं करून घातल्यासारखं."

"कॅलेंडरात रामाच्या हातात बघा की सर. आस्संच असतंय."

आता रिकर्व्ह जातीच्या धनुष्याची गंमत अशी, की दोरी काढून ठेवलं की ते आपण होऊन पुढच्या अंगाला कलतं. ज्याला ठाऊक नाही तो त्या कलाच्याच बाजूनं दोरी ताणून बांधतो. मग ते कॅलेंडरातल्यासारखं छान अर्धगोल दिसतं आणि कधी तरी काडकन मोडतं. हे काम मांडववाल्यानं पंधरा दिवसांपूर्वी केलं होतं आणि वर झेंडूची माळही घातली होती.

ही गोष्ट १९९८ च्या मार्चमधली. आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. धैर्यशीलदादा आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेची तीन हायस्कूलं, एक कॉलेज आणि एक कायम बंद पडलेलं वसतिगृह. मी त्या कॉलेजात घड्याळी तासावरचा क्रीडाशिक्षक होतो. घड्याळी तास म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचाच पगार, एप्रिलअखेर नोकरी संपली आणि जूनमध्ये पुन्हा मिळाली तर मिळाली. असे सात उन्हाळे मी काढले होते. माझे सासरे दर दिवाळीला मला एकच प्रश्न विचारायचे, "काय बाबर, कायम झालात का?" मी "नाही" म्हटलं, की फराळाच्या ताटातला एक लाडू कमी व्हायचा. सातव्या दिवाळीला माझ्या वाट्याला नुसता चिवडा आला होता.

त्यामुळे दादांनी बंगल्यावर बोलावलं तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. परवा मंत्री येणार होते. दादांचे आजोबा, संस्थेचे संस्थापक कै. लक्ष्मणराव हिंदुराव जगदाळे ऊर्फ आप्पासाहेब, यांच्या स्मृतिदालनाचं उद्घाटन होतं. दालनात आप्पासाहेबांची काठी होती, चष्मा होता, फेटा होता, दोन घड्याळं होती आणि मधोमध हे धनुष्य. तालुक्यात तिरंदाजी शिकलेला मी एकटाच. आंतरविद्यापीठ स्पर्धेत अकरावा आलो होतो, हे मी मुलाखतीत इतक्यांदा सांगितलं होतं की दादांच्याही ध्यानात राहिलं होतं.

"सर, तुम्ही एक दाखला लिहून द्यायचा," दादा म्हणाले. "धनुष्य कसलं, कुठलं, किती जुनं, किंमत काय. फ्रेम करून खाली लावायचाय. इन्शुरन्सवाल्यालापण पाहिजे."

"देतो की."

"माहिती मी सांगतो, तुम्ही शास्त्रशुद्ध करा." दादांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि धनुष्याच्या मुठीवरच्या बारीक पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघा. बासष्ट. एकोणीसशे बासष्ट साल. त्या साली आप्पासाहेबांनी मळ्यात बिबट्या मारला, एका बाणात. हे अठ्ठावीस नंबर. जगात असली मोजकीच धनुष्यं केली, त्यातलं हे अठ्ठाविसावं. आन् हे एल. एच., लक्ष्मणराव हिंदुराव. फॉरेनच्या कंपनीनं नाव घालून पाठवलं. हाय का नाय?"

मी वाकून वाचलं. जिभेवर आलेलं गिळून "हो हो" म्हणालो.

कारण तिथं लिहिलेलं असं होतं, की धनुष्याची लांबी बासष्ट इंच. ओढायला ताकद लागते अठ्ठावीस पौंड. आणि एल. एच. म्हणजे लेफ्ट हँड. डाव्या हाताचं धनुष्य. अमेरिकेतली कुठलीही कंपनी तेव्हा प्रत्येक धनुष्यावर हे एवढं लिहायचीच, आपल्याकडे चपलेच्या तळव्यावर नंबर असतो तसं. आणि अठ्ठावीस पौंडांनी बिबट्याला बाण मारला असता, तर हाक कोणी मारली म्हणून त्यानं फार तर मागं वळून बघितलं असतं.

"दादा, आप्पासाहेब डावखुरे होते का?" मी जपून विचारलं.

"आमच्या घराण्यात डावरं कुणी नाय," दादा म्हणाले. मी वेडेपणाचा झटका कुणाला आला होता का, असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी आवाज खाली आणला. "सर, उद्या संस्थेची बैठक हाय. दोन जागा कायम करायच्यात, नावं तीन हायेत. तुमचं एक. तुम्ही दाखला लिहा, मी मांडवाकडं बघून तासाभरात येतो."

ते गेले. मी एकटा राहिलो, धनुष्य मांडीवर घेऊन.

पहिल्यांदा ती उलटी दोरी काढली. धनुष्यानं अंग मोकळं केलं. चीज सुंदर होती, खरंच सांगतो. मूठ गडद लाकडाची, दोन्ही लिंबांत मॅपलच्या पातळ पट्ट्या आणि वरून फायबरची तपकिरी काच. लिंब म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे हात. शब्द इंग्रजीच आहे, पण पोरांना पहिल्या दिवशी सांगितलं की ती पिळायची खूण करून हसतात. कुठं तडा नाही, पीळ नाही. मुठीच्या वर बाण टेकवायची खाच असते. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्यासाठी ती डावीकडे कापतात, आणि इथं ती उजवीकडे होती. म्हणजे अक्षरांबद्दल शंकाच नको. बांधणीवरून साठीच्या दशकाच्या शेवटाचं असावं. पुण्यात एखाद्या हौशी माणसानं सात-आठ हजार दिले असते, चांगल्या मूडमध्ये असला तर नऊ.

समोरच्या भिंतीवर आप्पासाहेबांचा फोटो होता. फेटा, मिशा, हातात हेच धनुष्य. बाण चुकीच्या बाजूला टेकवलेला आणि चिमटीत बाणाची पिसं अशी धरलेली, जशी कोंबडीची मान धरतात. या गृहस्थानं जन्मात एकही बाण मारला नव्हता, यावर मी स्टँपपेपरवर सही करून दिली असती. मग ही मूठ कुणाच्या तळव्यानं झिजली होती? माझा हात तिच्यावर नीट बसेना. तिला लहान हात हवा होता.

"काढली का दोरी? बरं केलं."

मी दचकलो. दारात दादांची आत्या उभी होती. मालनआक्का. आप्पासाहेबांची थोरली लेक, पन्नाशीच्या आतबाहेरची, विधवा होऊन वीसेक वर्षांपूर्वी माहेरी परतलेली. बंगल्यावर गेलं की चहा त्यांच्याकडून यायचा आणि त्यापलीकडे त्यांचा आवाज कधी ऐकू यायचा नाही.

"धा वेळा सांगितलं त्या मांडववाल्याला, आरं ते मोडंल," त्या म्हणाल्या. "मला म्हणतो, आज्जी, तुम्ही बसा."

"तुम्हाला कसं कळलं आक्का, उलटी आहे ते?"

त्यांनी दाराबाहेर एकदा बघितलं, निऱ्या खोचल्या आणि धनुष्य माझ्या मांडीवरून उचललं. खालचं टोक घोट्याला अडकवलं, दुसरा पाय दोरी आणि धनुष्य यांच्यामधून पलीकडे टाकला, मांडीचा रेटा देऊन वरचं टोक वाकवलं आणि दोरीचा फास खाचेत सरकवला. सगळं मिळून तुम्ही चपलेचा पट्टा लावाल तेवढ्या वेळात. माझ्या पोरांना हे जमायला महिना लागतो आणि त्यात एकाचा तरी दात पडतो.

मग त्यांनी धनुष्य उजव्या हातात घेतलं आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी दोरी ओढली. कोपर खांद्याच्या रेषेत. दोरी हनुवटीला टेकली आणि तिथंच थांबली. चष्म्यामागचे डोळे आप्पासाहेबांच्या फोटोवर लागले होते. पण दोरी त्यांनी सोडली नाही. सावकाश, जशी नेली तशी परत आणली.

बाण नसताना दोरी सोडायची नसते, धनुष्य फुटतं. हे कुणाला आपोआप कळत नाही. शिकवावं लागतं.

"तुमचं आहे हे," मी म्हणालो.

"व्हय."

"आणि बिबट्या?"

"बिबट्या अठ्ठ्याहत्तरच्या इलेक्शनला आला, भाषणात." त्या हसल्या. हसल्यावर त्यांच्या गालाला खळी पडायची, हे मला सात वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग खुर्चीवर बसून, धनुष्य मांडीवर आडवं धरून त्यांनी सांगितलं. त्या जन्मापासून डावऱ्या. आई जेवताना त्यांचा डावा हात पदरानं पाठीमागं बांधायची. वाढायला डावा हात पुढं केला की त्यावर उलथनं बसायचं. डावरी पोर सासरी काय वाढणार आणि देवाला काय वाहणार, ही घरातली काळजी. मग साखर कारखान्याच्या मशिनरीबरोबर एक अमेरिकन इंजिनिअर आला आणि वर्षभर बंगल्याच्या मागच्या खोल्यांत राहिला. त्याच्याकडे धनुष्य होतं. उसाच्या पाचटाचा भारा बांधून तो संध्याकाळी त्यावर बाण मारायचा आणि पंधरा-सोळा वर्षांची मालन कडेला उभी राहून बघायची.

"एक दिवस त्यानं माझ्या हातात दिलं. त्याचं उजव्या हाताचं. मला जमंना. बाण निस्ता पडायचा. आप्पा म्हणाले, जाऊ दे, पोरगी डावरी हाय. तर तो काय म्हणाला ठावं हाय? म्हणाला, दोष पोरीचा न्हाई, धनुष्याचा हाय."

मी पुढं सरकून बसलो.

"मग आप्पांनी ऑर्डर दिली. कंपनीचा छापील फारम आला हुता. म्हशीच्या किमतीला पडलं म्हणायचे. फारमवर दोन खानं, आर. एच. का एल. एच. आप्पांनी अर्थ विचारून घेतला. मग पेन धरून लई वेळ बसले. मी खांबामागनं बघत हुते. शेवटी एल. एच. वर खूण केली." त्यांनी त्या पांढऱ्या अक्षरांवर अंगठा फिरवला. "सर, ह्या घरात माझ्या ह्या हाताचं कुणी नाव काढू द्यायचं न्हाई. आन् सातासमुद्रापलीकडनं ते लिवून आलं. हाताला एवढा एकच कागद मिळाला बघा जलमात."

दोन वर्षं त्या बाण मारत होत्या. पन्नास पावलांवरून नारळ. मग लग्न झालं, आणि डाव्या हाताची सून नको म्हणून सासरच्यांनी उरलेलं काम पुरं केलं. परत आल्या तेव्हा वडील वारले होते, फोटो भिंतीवर लागला होता आणि धनुष्य आप्पासाहेबांचं झालं होतं.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"एकदा. धैर्यशीलच्या आईला. ती म्हणाली, वन्सं, असलं चारचौघांत बोलू नगा, पोरांची लग्नं व्हायची हायेत."

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. आक्कांनी माझ्यासमोरचा कोरा कागद बघितला.

"तुम्ही दाखला लिवणार न्हवं?"

"हो."

"माझं नाव नगं त्यात. आप्पांचंच ऱ्हाऊ द्या. बिबट्या पण ऱ्हाऊ द्या बापडा. फकस्त एल. एच. म्हंजे डावा हात, एवढं लिवा. तेवढंच. भिंतीवर लागंल, लोक वाचतील."

"लिहितो," मी म्हणालो. "शब्द देतो, आक्का."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच लिहिणार होतो. छाती वगैरे भरून आली होती. मी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. प्रस्तुत धनुष्य रिकर्व्ह जातीचे असून लांबी बासष्ट इंच, ताण अठ्ठावीस पौंड. त्यावर एल. एच. अशी अक्षरे आहेत. इथं मी जरा थांबलो, शब्दरचनेचा विचार करायला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तेवढ्यात दादा आले.

आक्का उठून भिंतीशी उभ्या राहिल्या. दादांनी कागद वाचला.

"बासष्ट इंच?"

"लांबी आहे ती, दादा. साल नाही."

"आन् अठ्ठावीस पौंड." त्यांनी ओठ दाबले. "बरं, ते कुणाला कळत नाय, ऱ्हाऊ द्या. एल. एच. अशी अक्षरे आहेत. मग? म्हंजे काय ते लिहा की."

"दादा, कंपनीच्या भाषेत एल. एच. म्हणजे लेफ्ट हँड. डाव्या हाताचं धनुष्य."

बोललो. आवाज थोडा चिरकला, पण बोललो.

"म्हंजे आप्पासाहेब डावरे होते?"

"नाही. फोटोत ते उजव्या हातानं..."

"मग धनुष्य दुसऱ्याचं होतं?"

मी पेनचं टोपण बोटांत फिरवलं.

"कुणाचं, सर?"

मी आक्कांकडे बघितलं. आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, काही केलं नाही. मी काय बोलतो ते ऐकायला त्या उभ्या होत्या, बस.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

दादा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं बोलले.

"सर, तुम्ही अभ्यासू माणूस. सात वर्षं झाली ना तुम्हाला? मला वाईट वाटतंय हो. उद्या बैठकीत मी स्वतः तुमचं नाव मांडणार हाय. आता तुम्ही विचार करा आन् शांतपणे लिहा. एल. एच. म्हंजे काय?"

मी विचार केला. खरं तर केलाच नाही. मला सासऱ्यांचं ताट दिसलं. एप्रिल दिसला, मे दिसला. आणि माझ्या हातानं लिहायला सुरुवात केली.

"सदर अक्षरे ही कै. लक्ष्मणराव हिंदुराव यांच्या नावाची आद्याक्षरे होत."

आणि एकदा खोटं लिहायला लागलो की माझी लेखणी फार छान चालते, हा शोध मला त्या दिवशी लागला. दुर्मीळ लिहिलं. ऐतिहासिक लिहिलं. खास आप्पासाहेबांच्या मागणीवरून बनविलेले, असं लिहिलं. कुणी न मागता बिबट्यालाही अर्धं वाक्य दिलं. किमतीच्या जागी दादा म्हणाले पाच लाख, मी पाच लाख लिहिले, अक्षरांतही लिहिले. खाली सही केली, आणि सहीखाली आंतरविद्यापीठ स्पर्धेत अकरावा हेही घातलं.

"आता कसं!" दादा म्हणाले. "आत्या, तुला वाचायचंय का? तुझ्याच वडलांचं हाय."

आक्का पुढं आल्या. कागद घेतला. चष्मा सावरून, एकेक ओळ वाचत शेवटपर्यंत गेल्या. सहीसुद्धा वाचली. मी टेबलावरच्या झेंडूच्या पाकळ्या मोजत होतो. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, कागद फाडला असता, तरी मला चाललं असतं. मी तर फाडावा म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

"अक्षर सुरेख हाय सरांचं," आक्का म्हणाल्या.

आणि कागद दादांपुढं धरला. डाव्या हातानं.

"आत्या," दादा हात पुढं न करता म्हणाले, "उजव्या हातानं दे की. चांगल्या कामाचा कागद हाय."

आक्कांनी कागद उजव्या हातात घेतला आणि दिला.

जूनच्या पंधरा तारखेला मी कायम झालो.